बूट बाहेर, बंदूक बाहेर

मे महिन्यातली दुपार होती. पुण्यात पारा ४१ वर, स्वयंपाकघरातला पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता, आणि ओट्याशी स्टूल ओढून बसलेली माझी भाची मला उणे २२ च्या गोष्टी सांगत होती. मुक्ता मार्चमध्ये लाँगयिअरब्येनला जाऊन आली. आत्याकडे यायला तिला मे उजाडला. मी मेथांब्यासाठी कैऱ्या चिरत होते. तिच्या डाव्या गालावर रुपयाएवढा फिकट तपकिरी डाग दिसला. मला वाटलं, वांग.

"वांग काय गं! थंडीने करपलंय. तोंडावरचा मफलर जरा खाली सरकला, पाच-सात मिनिटं लक्षातच आलं नाही. आता गेलाच जवळजवळ."

"आणि यासाठी पैसे मोजलेस?"

"हे फुकट मिळालं. पैसे कुत्र्यांच्या गाडीचे."

चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने गोल काढायचा, त्याचा आस साडेतेवीस अंश कलवायचा आणि मध्यरात्रीचा सूर्य समजावायचा, असं किती वर्गांना केलं असेल त्याची गणती नाही. पाहिला मात्र कधीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे आक्षेप घेतले त्यात थोडा मत्सर मिसळलेला असणार. वाचणाऱ्याने तो वजा करून घ्यावा.

लाँगयिअरब्येन म्हणजे उत्तर अक्षांश ७८. नॉर्वेच्याही उत्तरेला स्वालबार्ड नावाची बेटं आहेत, त्यातल्या स्पिट्सबर्गेन बेटावर, एका फ्योर्डच्या काठाला, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. ऑस्लोहून विमानाने तीन तास. तिथून उत्तर ध्रुव १३०० किलोमीटर, म्हणजे जेमतेम पुणे ते दिल्लीएवढा. गावातून निघालेला रस्ता थोडा पुढे जाऊन संपतो. दुसऱ्या कुठल्याही वस्तीला गाडीरस्ता नाही. पुढे जायचं तर हिवाळ्यात स्नोमोबाइल, स्की किंवा कुत्री, आणि उन्हाळ्यात होडी नाहीतर पाय.

"म्हणजे तू त्या गावाला गेलीच नाहीस," मी म्हटलं. "गाव म्हणजे तुमचा तळ. झोपायचं, खायचं, जाडजूड सूट भाड्याने घ्यायचा आणि सकाळ झाली की बाहेर पळायचं."

"बेस. बरोबर. त्यात वाईट काय आहे?"

"वाईट नाही गं. पण तळाकडे कुणी बघत नाही. सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे. तोंडं डोंगराकडे."

मुक्ताने कैरीची एक फोड उचलली, मिठात बुडवली आणि उत्तर न देता कुत्र्यांकडे वळली. वादात अडचण आली की गोष्ट सांगायची ही आमच्या घराण्याची जुनी खोड.

"गावाबाहेर अॅडव्हेंटडालेन नावाचं मोठं खोरं आहे, तिथे कुत्र्यांचे वाडे. प्रत्येक कुत्र्याचं स्वतंत्र खोपटं, त्यावर नाव. आपण पट्टे घेऊन आत शिरलो की सगळी एकदम उड्या मारतात: मला घे, मला घे. इतका कालवा की शेजारच्याशी बोलता येत नाही. पट्टा घालताना कुत्र्याला दोन पायांत दाबून धरायचं, पुढचा एक पाय वाकवून आत, मग दुसरा. बोटं हातमोज्याबाहेर काढली की मिनिटभरात बधिर. सहा कुत्री जुंपायला मला पाऊण तास लागला. आणि मग बर्फात रुतवलेला लोखंडी आकडा उपटला ना, की एकदम शांत. तीच कुत्री, पण तोंडातून आवाज नाही. धापा आणि बर्फावर घासणाऱ्या पट्ट्यांची खरखर, बस."

"आणि?"

"आणि वास. ती पळता पळता शी करतात, गाडी त्यासाठी थांबत नाही. वारा त्यांच्याकडून आपल्या तोंडावर. हे कुठल्या जाहिरातीत लिहीत नाहीत."

मी हसले. मग ती जरा गंभीर होऊन म्हणाली, "गाडीच्या मागे उभं राहणाऱ्याला एकच नियम. काहीही झालं तरी हात सोडायचा नाही. पडलीस तर पड, फरफटत जा, पण धरून ठेव. कारण तू पडलीस म्हणून ती थांबणार नाहीत, आणि तू तिथे उघड्यावर एकटी उरशील. हे असं मला कुणी आयुष्यात सांगितलं नव्हतं. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला कुणीतरी थांबतं."

"चार तासांचे किती?"

"पावणेदोन हजार क्रोनच्या आसपास. धर पंधरा हजार रुपये."

"म्हणजे धाडस तासावर भाड्याने."

"आत्या, तू गाणं शिकायला फी भरलीस तेव्हा सूर भाड्याने घेतलेस का?"

हे मला लागलं, कबूल करते. पण माझ्याकडे मोठा गोळा होता आणि तो मी राखून ठेवला होता.

"मुंबई, ऑस्लो, लाँगयिअरब्येन आणि परत. विमानाचा धूर किती झाला, काढलायस कधी?"

"साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड."

"२०१६ साली 'सायन्स' नियतकालिकात डर्क नॉट्झ आणि ज्युलिएन श्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांचा लेख आला होता. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की सप्टेंबर महिन्यातलं आर्क्टिकचं समुद्री बर्फ तीन चौरस मीटरने कमी होतं, असं त्यांनी मोजून काढलं. दोन टन म्हणजे सहा चौरस मीटर. पासष्ट चौरस फूट. तुमच्या बाणेरच्या फ्लॅटची बाल्कनी."

"कार्पेट एरिया की बिल्टअप?"

पण विनोद करून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. हा आकडा तिला ठाऊक नव्हता. बर्फ बघायला गेलेल्या माणसाने तिथून एक बाल्कनी कापून आणावी, हे चित्र तिला टोचलं असावं. मग म्हणाली, "पण सरासरी भारतीय माणूस वर्षभरात तेवढाच धूर सोडतो. म्हणजे मी काही राक्षसी केलं नाही."

"म्हणजे वर्षाचा शिधा एका आठवड्यात खाल्लास."

"आणि तिथे आधी काय होतं? आश्रम?" आता तिला जोर चढला. "ते गाव वसलंच कोळशासाठी. १९०६ मध्ये जॉन मन्रो लाँगयिअर नावाच्या अमेरिकन माणसाने खाण काढली, गावाला नाव त्याचं. १९१६ मध्ये नॉर्वेच्या कंपनीने विकत घेतली. पुढे शंभर वर्षं कोळसा. डोंगराच्या उतारावर अजून लाकडी खांब उभे आहेत, ज्यांच्यावरून कोळशाच्या बादल्या तारेने बंदरावर जायच्या. गावातलं वीजकेंद्र २०२३ पर्यंत कोळशावर चालत होतं, मग डिझेलवर गेलं. शेवटची, सात नंबरची खाण ३० जून २०२५ ला बंद झाली. त्या लोकांनी आता खायचं काय? जे जातात त्यांना फिरवायचं, त्यावर घरं चालतात."

"म्हणजे पूर्वी जमिनीतून काढायचे, आता विमानातून काढतात."

"काढतात. पण विमानातून काढलेला माणूस परत तरी जातो."

इथे तिने पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. वर्तमानपत्राच्या घडीत राखाडी दगडाची चपटी कपची, आणि तिच्यावर पान. खरं पान नव्हे, पानाचा ठसा: मधली शीर, तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या बारीक शिरा, कडेला एका ठिकाणी किड्याने खाल्ल्यासारखी खाच. गावाच्या मागे हिमनदी आहे, लाँगयिअरब्रेन, तिने ढकलत आणलेल्या दगडांच्या राशीत उन्हाळ्यात असे ठसे सापडतात. मार्चमध्ये सगळं बर्फाखाली, म्हणून तिच्या गाइडने स्वतःचा गेल्या वर्षी वेचलेला दिला. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तिथे पानगळीचं जंगल होतं. ते दलदलीत गाडलं गेलं आणि त्याचाच कोळसा झाला, ज्याच्यासाठी हे गाव वसलं. मी चष्मा पुसून तो दगड खिडकीच्या उजेडात धरला. पुढची पाच मिनिटं मी वाद विसरले होते. शिक्षकाला असं लाच देऊन गप्प करता येतं, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

"गावात काय पाहिलंस ते सांग," मी म्हटलं. "डोंगर पुरेत."

"बूट. हॉटेलात शिरताना बूट काढायचे. संग्रहालयात शिरतानाही. दारातच रॅक, आत सगळे मोज्यांवर फिरतात. खाणीतून येणाऱ्यांच्या बुटांना कोळशाची काळी धूळ असायची, ती घरात यायला नको म्हणून ही पद्धत पडली. खाणी गेल्या, पद्धत राहिली. मला तर आजोळी आल्यासारखं वाटलं. आणि दुकानाच्या दारावर पाटी: बंदूक आणू नका."

"बंदूक?"

"वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ पाहिजे, आणि बरोबर बंदूक असावी असं सांगतात. आमच्या गाइडच्या खांद्याला रायफल, कमरेला आवाज-उजेड करणारं पिस्तूल. मग असा माणूस संध्याकाळी दूध घ्यायला थेट दुकानात येणार ना? म्हणून पाटी. बूट बाहेर, बंदूक बाहेर."

"अस्वल दिसलं?"

"एक. दुर्बिणीतून. बर्फ पांढरं असतं आणि अस्वल पिवळट, जुन्या हस्तिदंतासारखं. ठिपक्याएवढं. २०२५ पासून कायदाच आहे की अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. आम्ही त्याहून खूप लांब होतो, तरी गाइडने दोन मिनिटांत गाड्या वळवायला लावल्या. त्याला आपली चाहूल लागून त्याने वाट बदलली, तर चूक आपली."

इथे मी तिला आठवण करून दिली की ऑगस्ट २०२० मध्ये विमानतळाजवळच्या तंबूंच्या मैदानात अस्वलाने एका माणसाला मारलं आणि मग अस्वलालाही गोळी घातली गेली. त्या वर्षी गावाला तळ करून बाहेर हिंडायच्या हौसेने दोन जीव घेतले, एक दोन पायांचा आणि एक चार पायांचा.

"तो माणूस बाहेर हिंडत नव्हता, आत्या. तंबूत झोपला होता. आणि निसर्गाने मारलेली सगळी माणसं पर्यटक नसतात. १९ डिसेंबर २०१५ ला गावाच्या वरच्या डोंगरावरून बर्फाचा कडा कोसळला, अकरा घरं सरकवली, दोन जण गेले. त्यातलं एक दोन वर्षांचं मूल. ती घरात होती, सकाळची वेळ. त्या डोंगराचं नाव काय माहितीये? सुक्करटॉपेन. साखरशिखर. आता त्याच्या उतारावर बर्फ अडवायला जाळ्या-कुंपणांच्या रांगा लावल्यात. मी रोज त्याखालून चालत जायचे."

मी फोडी पातेल्यात टाकल्या. मोहरी तडतडायची थांबेपर्यंत दोघी बोललो नाही.

मग तिने तो प्रश्न विचारला, जो मला वाटलं होतं ती विसरली.

"तळाकडे कुणी बघत नाही म्हणालीस. तू पाचनईला किती वेळा गेलीस?"

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव पाचनई. कॉलेजात असताना तीनदा, नंतर शाळेच्या मुलींना घेऊन दोनदा.

"पहिल्यांदा कुठे झोपलात?"

"एकांच्या पडवीत."

"जेवायला?"

"पिठलं आणि नाचणीची भाकरी. रात्री दहाला चूल पेटवून केली तिने. पैसे घेतले नाहीत, म्हणून सकाळी पोरांच्या हातात लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या."

"तिचं नाव काय होतं?"

मला आठवेना. आठवेना म्हणजे मी विचारलंच नव्हतं. तिचा हात आठवतो, भाकरी थापताना बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेला. परातीच्या कडेची पोचही आठवते. आम्ही पहाटे पाचला निघालो, तोंडं गडाकडे.

माझा पराभव झाला असं मुक्ताला वाटलं, आणि अर्धा झालाही होता. पण मला त्यातूनच एक वेगळी गोष्ट सुचली, आणि ती मला अजून पटते.

"ऐक. पाचनईच्या त्या बाईने दार उघडलं नसतं, तरी ती पाचनईचीच होती. तिची सासू तिथली, तिचं शेत तिथलं, तिची राख तिथलीच. मी पाहुणी होते, ती यजमान होती, म्हणून मला लाज वाटायला जागा आहे. लाँगयिअरब्येनला यजमान कोण?"

मुक्ताने मान हलवली. हा प्रश्न तिलाही तिथे पडला होता, असं तिने कबूल केलं. स्वालबार्डवर मूळचे रहिवासी कधी नव्हतेच. १५९६ मध्ये विलेम बारेंट्स या डच खलाशाला ती बेटं दिसली, मग देवमासे मारणारे आले, मग फासे लावणारे शिकारी, मग खाणवाले, मग शास्त्रज्ञ, मग मुक्ता. सगळे कामापुरते. बाळंतपणाची सोय नाही, दिवस भरत आले की बाईला मुख्य भूमीवर पाठवतात. म्हातारपणाची सोय नाही. स्वतःचं स्वतःला झेपेनासं झालं की परत. तिथे मरायला बंदी आहे अशी एक अफवा जगभर फिरते, ती खोटी. पण शवपेट्या पुरणं साधारण १९५० पासून बंद आहे, कारण जमीन बारमाही गोठलेली. अस्थिकलश तेवढा परवानगीने पुरता येतो. घरंसुद्धा खांबांवर, जमिनीला न टेकलेली. मांजर पाळायला बंदी आहे, पक्ष्यांसाठी. (मांजर नसलेल्या गावाला गाव म्हणावं का, हा माझा खाजगी प्रश्न.)

"म्हणजे ते अख्खं गावच तळ आहे," मुक्ता म्हणाली. "तिथे राहणाऱ्यांचाही. मग मी कुणाकडे पाठ केली?"

"ते तू सांग."

तिने सांगितली ती गोष्ट हॉटेलातल्या थाई बाईची. गावात नॉर्वेजियनांनंतर थाई आणि फिलिपिनो लोकांची वस्ती मोठी आहे. ही नाश्त्याच्या खोलीत काम करते, दुपारी खोल्या साफ करते. अकरा वर्षं झाली. तिला तिथे राहायला व्हिसा लागत नाही, कुणालाच लागत नाही, त्याची मुळं एका जुन्या करारात आहेत. पण २०२२ पासून नियम आला: नॉर्वेच्या मुख्य भूमीवर तीन वर्षं राहिलेलं नसेल तर परदेशी माणसाला गावाच्या निवडणुकीत मत नाही. तिने मुक्ताला विचारलं होतं, तू किती दिवस? सात, म्हटल्यावर ती हसून म्हणाली की मीही दोन वर्षांसाठीच आले होते.

करार म्हटल्यावर मला राहवेना. हा माझा आवडता तपशील, आणि तो मी दहावीच्या पुस्तकात नसताना शिकवायची. स्वालबार्डचा करार ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये झाला. बेटांवर सत्ता नॉर्वेची, पण सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे धंदा करायला, खाणी काढायला सारखा हक्क. सही करणाऱ्यांत हिंदुस्थान होता. अर्थात आपल्या वतीने इंग्रजांनी केली. म्हणजे पुण्यात राज्य इंग्रजांचं होतं, त्या काळात पुणेकराला उत्तर ध्रुवाजवळ कोळसा खणायचा हक्क कागदावर मिळाला होता. आणि त्याच वर्षी, १ ऑगस्टला, टिळक गेले.

"टिळक कुठून आले मध्येच?"

"मध्ये नाही, तेच आधी पोचले. १९०३ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, वेदांतलं आर्क्टिक घर. उषेच्या सूक्तांत पहाट फार लांब, कित्येक दिवसांची, आणि एकीमागून एक येणाऱ्या अनेक पहाटा. सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र. त्यावरून त्यांनी मांडलं की आर्यांचे पूर्वज ध्रुवाजवळ राहत असणार. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत, आणि मीही मानत नाही. पण टिळक तिथे कधी गेले नव्हते. इकडेच बसून, पुस्तकांवरून आणि खगोलाच्या गणितावरून त्यांनी ती पहाट उभी केली."

मुक्ताने हातातली फोड खाली ठेवली. "आत्या, ती पहाट आडवी असते."

"म्हणजे?"

"आपल्याकडे सूर्य उगवतो म्हणजे वर येतो. तिथे वर येतच नाही, बाजूला सरकतो. आधी दक्षिणपूर्वेला डोंगराच्या मागे गुलाबी होतं. तू म्हणतेस, आता आला. नाही येत. ते गुलाबी डोंगरामागून हळूहळू उजवीकडे चालायला लागतं. तास गेला, गुलाबीच. दीड तास, गुलाबीच. बर्फ निळं. मला वाटलं घड्याळ बंद पडलं."

मी पातेलं उतरवून ठेवलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने आकृती काढली. ८ मार्चला, भर दुपारी, ७८ अंशांवर सूर्य क्षितिजाच्या वर किती? सात अंश. हात लांब करून धरलेल्या चार बोटांएवढा. मग तो आडवाच सरकणार. आणि जूनच्या २१ ला मध्यरात्रीसुद्धा साडेअकरा अंश वर, गोल फिरणारा, मावळायला जागाच नाही. हे गणित मी शेकडो वेळा मांडलंय. पण 'गुलाबी उजवीकडे चालायला लागतं' हे वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि ते वाक्य सहा चौरस मीटर बर्फाच्या मोलाचं आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तरी मी हार मानायला तयार नव्हते. "जायचंच तर आपले शास्त्रज्ञ जातात तसं जावं. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिचं हिमाद्री हे ठाणं २००८ पासून नी-ओलेसुंडला, तुझ्या त्या गावाच्याही वर. २०१४ मध्ये त्यांनी तिथल्या कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात उपकरणं सोडली. तिकडचं बर्फ आणि आपला मान्सून यांचं नातं काय, ते शोधतायत. त्या जाण्याला अर्थ आहे."

"म्हणजे हातात थर्मामीटर असला की विमानाचा धूर निघत नाही?"

"निघतो. पण हिशेब मांडायला काहीतरी मिळतं."

"आणि बघायला गेलेल्याला काहीच मिळत नाही? मी गावाजवळच्या बियाण्यांच्या कोठाराच्या दारापर्यंत गेले. आत सोडत नाहीत. डोंगरातून बाहेर आलेली काँक्रीटची एक अरुंद पाचर, बस. आत उणे १८ ला जगभरचं बियाणं. आपल्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आहे त्यात. २००८ ला उघडलं, आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस आणि वितळलेलं पाणी बोगद्याच्या तोंडात शिरलं. बियाण्याला धक्का लागला नाही, पण कधीच वितळणार नाही म्हणून निवडलेली ती जागा होती. हे मी वाचलं होतंच. पण त्या दाराशी उभी राहिले आणि माझ्या भाकरीचं बियाणं त्या भिंतीपलीकडे आहे म्हटल्यावर मला..." ती थांबली. "जाऊ दे. तुला ते भाबडं वाटेल."

मला भाबडं वाटलं नाही. पण बोलले नाही. वादात समोरच्याला प्रत्येक गुण लगेच देऊ नये.

मग तिने सूर्य आला त्या दिवसाचं सांगितलं. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हाही गावात ऊन पोचत नाही, कारण गाव डोंगरांच्या पोटात. ते पोचतं ८ मार्चला, आणि कुठे पोचलं की आला म्हणायचं तेही ठरलेलं: जुन्या दवाखान्याच्या पायऱ्या. दवाखाना आता नाही. पायऱ्या तेवढ्या आहेत, कुठेच न जाणाऱ्या. दुपारी बाराच्या सुमाराला अख्खं गाव तिथे गोळा होतं. पोरं तोंडाला पिवळे रंग फासून, डोक्याला कागदी किरणं लावून. कुत्री, बाबागाड्या, शास्त्रज्ञ, वेटर.

"सगळे ओरडून हाका मारतात सूर्याला. मीही मारली. कोणत्या भाषेत माहीत नाही."

"आणि तोंडं कुठे होती?"

"कुणाची?"

"सगळ्यांची. डोंगराकडेच ना? सूर्य तिकडून येणार."

मुक्ताने डोळे मिटून आठवलं. "नाही गं. सूर्याकडे कोण बघतंय, डोळे दिपतात. सगळे पायऱ्यांकडे बघत होते. वरच्या पायरीवर आधी पिवळा पट्टा आला, हाताएवढा. मग खालच्या. शेजारी ती नाश्त्यावाली बाई उभी होती, कामाचा एप्रन वरच्या जाकिटाखालून लोंबत होता. तिने फोन वगैरे काढला नाही. हातमोजा काढला आणि तळहात त्या उन्हात धरला."

"किती वेळ होतं ऊन?"

"फार नाही. मग डोंगराआड. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. तिथे त्या दिवसांत रोज पंधरा-वीस मिनिटांनी दिवस वाढतो."

मी पातेलं परत गॅसवर चढवलं. मेथीदाण्याचा वास सुटला होता. गुळाचा डबा पुढे ओढला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"सांगितलं होतं तिने," मुक्ता म्हणाली. "लांबलचक होतं. मी लिहून घेतलंय, थांब."

तिने फोन काढला. मार्चमधले फोटो, मग नोंदी, मग परत फोटो. अंगठा वर-खाली होत राहिला. एका फोटोत बुटांचं रॅक होतं, ओल्या बुटांच्या रांगा. तिने तो मोठा करून पाहिला, जणू तिथे कुठे लिहिलेलं असेल. मी गूळ घातला, तो पाघळून फोडींना चढायला लागला, आणि ती शोधतच होती.